पट्टी नाही, त्याचा हात नाही

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. आपली कहाणी सांगताना माझ्यासारख्या वस्तू सहसा छाती फुगवतात. मला ते जमणार नाही. माझ्या मुठीजवळचा डाग, म्हणजे पत्रा जोडणारा सांधा, निघाला आहे, त्यामुळे माझी मान कायमची खाली गेली आहे. ती वर असती तरी तुमच्यासमोर मी खालीच घातली असती.

माझं गाव चाकूरपासून दोन कोसांवर आहे. नाव सांगत नाही. गावाला आता बरे दिवस आले आहेत, उगाच त्याची अब्रू कशाला काढा? माझी काढतो, तेवढी पुरे.

आमच्या गावात पूर्वी दवंडी हलगीवर दिली जायची, आणि हलगी वाजवायचं काम पिढ्यानपिढ्या खालच्या वस्तीच्या गळ्यात होतं. छप्पन सालानंतर वस्तीनं बुद्धाचा धम्म स्वीकारला. मारोती नावाच्या माणसानं हलगी उचलली, चावडीच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आजपून हे काम आमचं न्हाई." एवढंच बोलून तो घरी गेला. गावात बरीच कुरबुर झाली, पण हलगीला कुणी हात लावला नाही. मग ग्रामपंचायतीनं उदगीरला माणूस पाठवला. तिथं वीरण्णा नावाचा कारागीर पत्र्याचे डबे करायचा. त्यानं कोरा पत्रा कापला, गोल वळवला, डाग दिले, धरायला मूठ लावली आणि माझा जन्म झाला. अंगावर तांबड्या रंगानं 'ग्रामपंचायत' असं लिहिलं. त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं, असं आता वाटतं.

काही वर्षांनी मारोतीचाच मुलगा केरबा पंचायतीचा शिपाई झाला. सातवी पास, खाकी सदरा, पगाराची नोकरी. पहिल्या दिवशी तो मला घेऊन घरी गेला. मारोती तेव्हा खाटेला खिळलेला होता. त्यानं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "ह्यात मान हाय," तो म्हणाला. "बोलताना नीट बोल." महिनाभरात तो वारला. त्याचं हे बोलणं मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी चैन होती, असं म्हणायला जीभ कचरते, पण खरं तेच आहे. विहिरी कोरड्या पडल्या, झाडाची पानं जनावरांनी ओरबाडून खाल्ली. आणि केरबा मला तोंडाला लावून गल्लीगल्लीतून ओरडायचा, "तळ्याचं काम उद्यापून सुरू हाय होऽऽ! लेकरांना सुकडी मिळनार हाय होऽऽ!" माझा आवाज आला की बाया भांडी घेऊन धावायच्या. म्हातारी माणसं म्हणायची, "भोंगा आला, पोटाचं झालं." बोलणारा केरबा, देणारं सरकार, आणि तोरा मात्र माझा! गाव मीच जगवतो, असं मला वाटायला लागलं.

त्याच दुष्काळानंतर वस्तीतल्या पुष्कळ घरांनी आपली जुनी पडकी घरं सोडली आणि गावाबाहेर गायरानावर नवी बांधली. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. ती बातमीही मीच गावाला सांगितली. नवा जिल्हा, नवी कचेरी, आता आपलं गाऱ्हाणं जवळ आलं म्हणून लोक हरखले. पण पावसाला जिल्ह्याशी काय घेणंदेणं? तो त्या वर्षी आला नाही, पुढच्या वर्षीही नुसता तोंड दाखवून गेला. वस्तीतल्या बाया पहाटेच ओढ्यात जायच्या. वाळूत खड्डा करून झिरा पाडायचा, त्यात पाणी पाझरायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. एका घागरीला अर्धी सकाळ जायची. त्यात केरबाची आई नागुबाईही असायची. साठीला आली होती, तरी डोक्यावरची घागर कधी हिंदकळली नाही.

अशात नव्या जिल्ह्यातून गावाला एक बोअर मंजूर झाली. एकच. जागा ग्रामसभेनं ठरवायची होती. एक जागा वरच्या आळीत चावडीजवळ, दुसरी खाली वस्तीच्या तोंडाशी. आपल्या दारात पाणी यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, त्यात गैर काही नव्हतं. पण वरच्या आळीची पंचाईत अशी होती की डोकी मोजली तर खालच्यांची जास्त भरत होती.

सरपंच शेषेराव काही वाईट माणूस नव्हते. लेकीच्या लग्नात त्यांनी सगळ्या गावाला जेवू घातलं होतं. पण पाण्याचा प्रश्न आला आणि त्यांना हिशेब सुचला. पंचायतीत बसून ते म्हणाले, "दिवाबत्ती कोणाच्या पट्टीवर चालती? नाल्या कोणाच्या पट्टीवर झाल्या? घरपट्टी आम्ही भरायची अन् बोअर कुठं पाडायची ते फुकट्यांनी ठरवायचं?"

ग्रामसेवक चाचरत म्हणाले, "साहेब, कायद्यात तसं नाही. पट्टी थकली तर निवडणुकीला उभं राहता येत नाही, एवढंच आहे."

"मग झालं की! उभं राहायला नडतं, तर हात वर करायलाबी नडलं पायजे."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. आणि मित्रांनो, कोपऱ्यातल्या खिळ्यावर टांगलेल्या मलाही ते पटलं. मी पट्टीच्या पैशानं विकत आणलेला. ज्यांनी पैसा दिला त्यांचं ऐकायचं, बाकीच्यांचं कशाला, असं मला अगदी रास्त वाटलं. माझी पहिली लाज ही. पुढचं सगळं केरबाच्या तोंडून झालं, पण हे माझं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी केरबा मला घेऊन वस्तीत शिरला. ग्रामसेवकानं लिहून दिलेली चिठ्ठी त्याच्या हातात होती. त्यानं तीन वेळा घसा खाकरला. मग ओरडला, "ऐका होऽऽ! ज्याची घरपट्टी भरली न्हाई, त्याचा हात ग्रामसभेत मोजला जानार न्हाई होऽऽ! पट्टी न्हाई, त्याला मत न्हाई होऽऽ!" आवाज कसा खणखणीत निघाला! मी त्यात जराही कसर ठेवली नाही.

नागुबाई दारात उभी होती. "केरबा, हे कोनी सांगितलं?"

"सरपंचांनी, माय."

"बरं. भरू की मग पट्टी. त्यात काय!"

दहाबारा बायांनी घरातलं किडुकमिडुक जमवलं. खडी फोडायच्या कामाचा पगार अजून यायचा होता, म्हणून कुणी कोंबडी विकली, कुणी उसनवारी केली. पदराला गाठी मारून सगळ्या पंचायतीत आल्या. ग्रामसेवकानं घरांचं बुक उघडलं, पानं चाळली आणि मिटलं.

"बाई, तुमची घरं यात नाहीत. गायरानावरची घरं लिहिलेलीच नाहीत. मला पट्टी घेता येत नाही."

"लिहून घ्या की मग," नागुबाई म्हणाली.

"त्याला ठराव लागतो."

"ठराव कोन करतंय?"

"ग्रामसभा."

"ग्रामसभेत हात कोनाचा मोजनार?"

ग्रामसेवक खाली बघत म्हणाले, "पट्टी भरणाऱ्याचा."

नागुबाईनं पदराची गाठ पुन्हा घट्ट केली. सगळ्या बाया आल्या तशा परत गेल्या. द्यायला तयार असलेल्या माणसाला 'तुझं घेत नाही' म्हणायचं आणि मग 'तू देत नाहीस' म्हणून त्याचा हक्क काढून घ्यायचा, हे गणित माझ्या पत्र्याच्या डोक्यातही तेव्हा शिरलं. पण दवंडी देऊन झाली होती.

ग्रामसभा चावडीसमोर भरली. शेषेरावांनी नियम पुन्हा सांगितला. नागुबाई उठून उभी राहिली.

"सरपंचसाहेब, काडीपेटी आम्ही इकत घेतो, राकेल घेतो. त्याच्यावर सरकार काय घेत न्हाई का? रस्त्याची खडी आम्ही फोडून राहिलो, त्याच्यावरून गाड्या कोनाच्या जातात? अन् माझ्या मतानं आमदार निवडून येतो, तर बोअर कुठं पाडायची ते मला कामून इचारायचं न्हाई?"

मागं गलका झाला. तिचा आवाज पोचेना. तिनं केरबाकडे हात पुढे केला. "दे तो भोंगा इकडं."

केरबानं सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी मानेनंच नको म्हटलं. केरबानं मला छातीशी धरलं. माझं तोंड त्याच्या सदऱ्यात दबलं होतं. तिच्या हातात आणि माझ्यात एका वितीचं अंतर होतं. ते तसंच राहिलं.

वरच्या आळीतले मन्मथआप्पा तेवढे बोलले. पट्टी भरणारे, जुने शेतकरी. "शेषेराव, तहान काय पावती बघून लागती का?" लोक हसले, आणि तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

मग मोजणी. मोजायला केरबा. चावडीजवळच्या जागेसाठी एकोणतीस हात भरले. नंतर वस्तीजवळच्या जागेसाठी हात वर करा म्हटलं, आणि खालची सगळी बाजू हात वर करून उभी राहिली. साठ तरी असतील. केरबा मला तोंडाला लावून त्या हातांमधून चालू लागला. मन्मथआप्पा, एक. त्यांचा थोरला मुलगा, दोन. धाकटा, तीन. मग खडी फोडून घट्टे पडलेले हात आले, पोर कडेवर घेतलेल्या बायांचे हात आले, आणि केरबा काही न बोलता पुढं पुढं गेला. नागुबाईसमोर त्याचे पाय अडखळले. तिचा हात सरळ वर होता. ती त्याच्याकडेच बघत होती. केरबानं नजर तिच्या खांद्यावरून मागं नेली. मागं पट्टी भरणारा कुंभार हात वर करून उभा होता. माझ्यातून आवाज निघाला, "चार."

एकोणतीस विरुद्ध चार. ठराव मंजूर.

त्या संध्याकाळी केरबा जेवायला बसला. नागुबाईनं भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "तू मोजून राहिला व्हतास तवा माझा हात लई दुखत व्हता. तरी खाली घेतला न्हाई. वाटलं, येशील माझ्यापाशी." मी खुंटीवर होतो. मला कान नसते तर बरं झालं असतं.

बोअरला पाणी लागलं, तेही गोड. वस्तीच्या बायांना कुणी हटकलं नाही. फक्त त्यांचा नंबर शेवटी यायचा, आणि तोवर पंप खोकायला लागायचा. नागुबाई पुन्हा ओढ्याला जाऊ लागली.

वर्षभरानं पंचायतीची निवडणूक आली. वस्तीतून नरसिंग उभा राहिला. जुन्या गावठाणातली त्याची एक खोली बुकात होती, पट्टीही भरलेली, म्हणून त्याला उभं राहता आलं. निवडून आलो तर वस्तीची घरं आधी बुकात लिहायला लावीन आणि दुसरी बोअर मागीन, असं त्यानं घरोघरी सांगितलं होतं. तहसीलमधून कागद आला, की यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला मत देता येईल, घरपट्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी केरबा मला घेऊन वस्तीत धावला. "पट्टी असो नसो, समद्यांचं मत हाय होऽऽ! चला होऽऽ!" त्यानं घसा फोडून सांगितलं. मीही होता नव्हता तेवढा जोर लावला.

एकही दार हललं नाही.

नागुबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "मागल्या टायमाला बी ह्याच भोंग्यातून सांगितलं व्हतंस."

केरबानं मला तिच्या ओट्यावर ठेवलं. तो खाली बसला, आईचे पाय धरले. "माय, म्या तुझा हात मोजला न्हाई. चुकलं माझं. ह्या भोंग्याचं नको ऐकू, माझं ऐक. तुझं मत हाय."

नागुबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला आणि त्याच्याबरोबर शाळेकडे निघाली. वाटेत केरबा प्रत्येक दारात थांबून, आपल्या साध्या आवाजात, तेच सांगत गेला. माणसं बाहेर येऊ लागली. पण पुष्कळ दारांना कड्या होत्या. ज्यांना वाटलं की आपल्याला मतच नाही, ती पहाटेच चार कोसांवरच्या खडीच्या कामाला निघून गेली होती. अशी बावीस माणसं होती. नरसिंग नऊ मतांनी पडला.

मित्रांनो, ती बावीस माणसं अडाणी नव्हती की आळशी नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक. खोटं बोलणं घटकाभराचं असतं, पण माझ्या गळ्यातून ते वर्षभर वस्तीत घुमत राहिलं आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आता पंचायतीत विजेवर चालणारा कर्णा आहे. मी दप्तरखान्यात धूळ खात पडलो आहे. जुन्या वस्तू जपा, अशी विनंती माझ्या जागी दुसरं कुणीही करील. मी ती करत नाही. माझं मागणं वेगळं आहे. एवढ्या वर्षांत वस्तीतल्या माणसाच्या ओठांशी मी रोज होतो, पण शब्द कायम दुसऱ्याच्या चिठ्ठीतले होते. वस्तीच्या मनातला एकही शब्द माझ्यातून कधी गेला नाही. तुमच्यापैकी कुणी या खोलीत आलात, तर माझी धूळ पुसा, मोडलेली मान हातानं धरा आणि मला खाली गायरानावर न्या. तिथं जी कुणी बाई पाण्याच्या रांगेत शेवटी उभी असेल तिच्या हातात मला द्या, आणि तिचं बोलून होईपर्यंत कुणी मला काढून घेऊ नका. त्यानंतर खुशाल भंगारात घाला.