झेंड्याच्या मधोमध

"सुईत दोरा ओवायला डोळे मिटते ती, अन् झेंडा शिवायला दिला कुणाला? तिला!"

सुशीलाबाई हे तव्याला सांगत होत्या. पण हातभर अंतरावर एकनाथराव पाटावर जेवत होते. त्यांनी आमटीचा भुरका जरा जोरातच मारला. बायकोचं ऐकू आलं नाही, असं दाखवायची त्यांची ती रीत होती.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या त्यांच्या गल्लीत यंदा पहिल्यांदाच पंधरा ऑगस्ट साजरा व्हायचा होता. झेंडा गल्लीतल्या बाईच्या हातचा हवा, असं उत्सवसमितीचे वकील हिम्मतराव म्हणाले आणि काम गेलं सुशीलाबाईंच्या धाकट्या जावेकडे, भामाकडे.

भामा नांदेडकडची. नुसता तिरंगा बाळगला तरी निजामाचे पोलीस धरून नेत, तेव्हा तिनं माहेरच्या माळवदावर तो लावला होता आणि शिपाई आले तशी जिन्यात आडवी बसली होती. तेव्हापासून घरी येणारा माणूस आधी भामाला विचारी, "काय म्हणता ताई, बऱ्या आहात?" आणि मग सुशीलाबाईंना, "वहिनी, चहा टाकता का?"

सुशीलाबाई चहा टाकत. साखर जरा कमीच पडे.

खरं म्हणजे गल्लीत झेंडे शिवलेली बाई एकच होती, आणि ती चहा टाकत होती. निजामाच्या राज्यात एकनाथरावांच्या कचेरीचे पिवळे झेंडे शिवायला घरी यायचे. वर-खाली उर्दू अक्षरं कारागीर काढत, मधला पांढरा गोल मात्र सुशीलाबाईंचा. लोक त्याला कुलचा म्हणत. निजामाच्या मूळपुरुषाला कुण्या अवलियानं कुलचे, म्हणजे गोल रोट्या, खाऊ घातल्या, त्याची ती खूण, अशी गोष्ट सांगत. सुशीलाबाई साटिनचा गोल कापून, कड आत दुमडून असा बसवायच्या की टाका शोधून सापडू नये. साहेब एकनाथरावांना म्हणायचे, "घर में मशीन रखे क्या जी?" हे त्या वाक्यासकट विसरायचं, असं घरात न बोलता ठरून गेलं होतं.

भामानं पांढऱ्या खादीवर वाटी ठेवून निळी पेन्सिल फिरवली. "आक्का, बघा ना जरा. हे चक्राचे आरे दाटीवाटीनं बसायलेत."

"मला बाई यातलं काय कळतं! तू मोठी माणसं बघितलेली."

भामाचं तोंड उतरलं. सुशीलाबाईंना क्षणभर बरं वाटलं आणि मग दिवसभर बरं वाटेना.

पण बरं वाटेनासं झालं म्हणून हात थांबतो थोडाच! भामा दुपारची बैठकीला गेली की त्या सुलतान बाजारातून आणलेली खादी काढत. केशरी, पांढरा, हिरवा. पट्ट्यांचे सांधे दोरीसारखे सरळ. चक्राची बारीक निळी कशिदाकारी खादीच्या जाड सुतावर काही केल्या बसेना. मग त्यांनी पेटीतलं उरलेलं पांढरं साटिन काढलं, कशिद्याच्या गोल चौकटीवर ताणून त्यावर चोवीस आरे भरले, गोल कापला, कड दुमडली आणि झेंड्याच्या मधोमध बसवला. हात आपला आपण चालत होता. इतकं सुख त्यांना वर्षभरात झालं नव्हतं. भामाचा वाकडा झेंडा बघून हिम्मतरावांचा चेहरा कसा होईल, हे त्या टाक्याटाक्याला बघत होत्या.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी सगळे हिम्मतरावांच्या दिवाणखान्यात जमले. भामानं आपला झेंडा पसरला. केशरी पट्टीला चुण्या, चक्र जरा अंडाकृती.

"मीही एक शिवलाय," सुशीलाबाई म्हणाल्या. "सहज. वेळ होता म्हणून." आणि घडी उलगडली.

बायका पुढं सरकल्या. "अगंबाई!" म्हणत एकीनं हात लावला. मग हात मागे गेला.

खिडकीतलं ऊन नेमकं मधे पडलं होतं. खादीचा पांढरा मळकट, साटिनचा झळझळीत. चक्राभोवती पांढरा लखलखीत गोल दिसत होता, खोलीच्या दारातूनही दिसला असता.

"शिलाई फारच सुबक," हिम्मतराव म्हणाले.

"काठ बघा की, काठ," कुणी म्हणालं.

"रंगही पक्के वाटतात."

एकनाथराव छताकडे बघत होते. सुशीलाबाईंनी एकेका तोंडाकडे पाहिलं, मग झेंड्याकडे; आणि त्यांना दिसलं. घडी घालायला त्यांनी एक टोक उचललं.

"दोन्ही चांगले आहेत," हिम्मतराव म्हणाले. "पण भामाताईंचा आधीच ठरलाय, तेव्हा..."

"थांबा की वकीलसाहेब." भामानं झेंड्याचं दुसरं टोक धरलं. तिचा आवाज काही चढला नव्हता. "मधे कुलचा बसलाय. आक्कांचा हात तसाच वळलेला हाय, उसवून नीट करता येईल. पण या खोलीतल्या समद्यांनी त्याच पिवळ्या झेंड्याखाली नोकऱ्या केल्या, वकिली केली, पोरं शिकवली. शिवणाऱ्या तेवढ्या आक्का होत्या म्हणून त्यांना एकट्यांना बाजूला बसवलं तुम्ही. अन् मला मान मिळत होता, म्हणून मीबी गप बसले."