पाहुणे रस्त्यात हायत

आमच्या निलंग्यात कार्यक्रम अकराचा म्हणजे पाहुणे दोनला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी पत्रिकेवर अकराच छापायचं. मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची विद्यार्थी प्रमुख झाले तेव्हा हलकुडे सरांना म्हणाले होते, "सर, सरळ दोनच छापू की." सर हसले. "उज्वला, दोन छापलं तर पाहुणे पाचला येतील."

आता चार वाजून गेले होते अन् पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मंडपातली पोरं शिट्ट्या मारून दमली. दर फोनला एकच उत्तर, "पाहुणे रस्त्यात हायत, दहा मिनटात पोचतेत." कुठल्या रस्त्यात, ते देवाला माहीत.

मला पाहुण्यांचं काही पडलं नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला होता तो नागुमावशीसाठी. मावशी म्हणजे माझ्या मैत्रिणीची, प्रियदर्शनीची आई. विहिरीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या दोन जावांचं नाटक आम्ही बसवलं होतं. प्रियदर्शनीनंच लिहिलेलं, अन् थोरली जाऊही तीच. हेच नाटक पुढं नांदेडला विद्यापीठाच्या युवक महोत्सवात न्यायचं होतं. तिथं मुक्काम करावा लागतो, अन् तिचे वडील व्यंकटीकाका मुक्कामाचं नाव काढलं की उठूनच जायचे. शेवटी मावशी म्हणाली, "मी सोता बघून येते, मग ठरवू." रोजगार बुडवून ती सकाळपासून मागच्या खुर्चीत बसून होती. देवणीकडची शेवटची गाडी साडेपाचला. न बघता गेली की नांदेड संपलं.

अन् आमच्याकडं दिवा लावल्याशिवाय पडदा उघडत नाही. दिवा पाहुण्यांनीच लावायचा. मग सत्कार. शाल, नारळ, फेटा. संस्थेच्या संचालकापासून मंडपवाल्याच्या साडूपर्यंत. एकाचा राहिला तर वर्षभर रुसवा.

"सर, नाटक आधी घेऊ. दिवा मागून लावू."

"डोकं ठिकाणावर हाय का? पाहुण्यांच्या आधी नाटक! उद्या घेऊ."

"उद्या देवणीकडच्या पोरी येणार न्हाईत, सर. घरून एकच दिवस सोडलंय त्यांना."

"मग ऱ्हाऊ दे."

ऱ्हाऊ दे! पोरींनी दुपारचे डबे तसेच ठेवून तालमी केल्या होत्या, अन् हा माणूस चहातली साखर नाकारावी तसा म्हणतो, ऱ्हाऊ दे! माझं टाळकंच फिरलं. सर फोन कानाला लावून फाटकाकडं गेले, तसा मी माईक उचलला अन् नाटक जाहीर करून टाकलं. पडदा ओढायला आमच्या वर्गातला बजरंग होता. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"वढ की रे, मुडद्या!"

त्यानं ओढला.

काय रंगलं म्हणून सांगू! शिट्ट्या कुठल्या कुठं गेल्या. प्रियदर्शनी पदर खोचून उभी राहिली तशी बायकांच्या बाजूनं 'अगं बया' असं आलं. मी विंगेतून मावशीकडं बघत होते. ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. धाकट्या जावेनं घागर आपटली, तोंडाला येईल ते बोलून घेतलं. आता थोरलीची पाळी होती. प्रियदर्शनीनं मान वर केली, अन् फाटकाबाहेर फटाक्याची माळ लागली.

आले! दिवसभर आले नाहीत ते नेमके तेव्हा आले. हलकुडे सर धावत विंगेत आले अन् माझ्या हातातला माईक हिसकावला.

"सर, शेवटच ऱ्हायलाय हो! पाच मिनटं!"

"पाहुणे उभे हायत, उज्वला!" अन् लगेच माईकवर तूप लावल्यासारखा आवाज, "आपण सर्वांनी उभं राहून मान्यवरांचं स्वागत करावं."

सगळा मंडप उभा राहिला. आमच्या विहिरीच्या जागी सोफा आला. प्रियदर्शनी नाटकासाठी लुगडं नेसली होती, तर कुणीतरी तिच्याच हातात शालींचं ताट दिलं. पोरगी ताट धरून उभी. डोळे भरलेले, पण ताट हललं नाही. सोफ्यावरच्या एकेकाला धरून गदागदा हलवावं असं वाटत होतं मला. अन् मी काय करत होते? नारळ पुढं देत होते. स्वतःचाच संताप आला.

सत्कार काही सरेनात. मागं बघितलं तर मावशीची खुर्ची रिकामी. मी सरळ स्टेजवर गेले, प्रियदर्शनीच्या हातातलं ताट बजरंगच्या हातात कोंबलं अन् तिचा दंड धरून निघाले.

मागून सर ओरडले, "उज्वला, उद्यापासून तू प्रमुख नाहीस!"

"आजपासूनच नाही, सर!" मी पळता पळताच म्हणाले.

स्टँडवर गाडी लागली होती. मावशी दाराशी उभी होती, लेकीची वाट बघत.

"मावशी," मला धाप लागली होती, "चूक आमची हाय. हिच्यावर राग धरू नका." नांदेड गेलंच, असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

मावशीनं मलाच विचारलं, "नांदेडलाबी असंच मधी थांबिवत्यात का?"

"न्हाई. तिथं घंटा झाली की नाटक सुरू. संपस्तोवर कुणी मधी येत न्हाई."

"अन् पाहुणे आले तर?"

"दाराबाहेर थांबतेत."

"पाहुणे? दाराबाहेर?"

"हाव, मावशी."

कंडक्टरनं घंटी मारली. "ओ बाई, चढा की, का मुहूर्त बघून ऱ्हायल्या?"

मावशी हलली नाही. लेकीकडं वळून म्हणाली, "थोरली काय बोलती गं पुढं?"

प्रियदर्शनीनं डोळे पुसले अन् सांगायला तोंड उघडलं, तर मावशीनंच हात वर केला.

"इथं नगं. तुज्या बापाला मी बघते. नांदेडला मीबी येते अन् तिथंच ऐकते. पुरं ऐकते."