मुका कॅमेरा

मोबाइलवर मुलीचा वर्ग दिवसातून किती वेळा बघायचा, याला कुणी मर्यादा घातली नव्हती. त्यामुळे शाइस्ता तो सारखाच बघायची. हिंजवडीच्या कंपनीत ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करी. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीत. चार वर्षांची मिसबा घराजवळच्याच बालशाळेत होती, आणि प्रवेशाच्या वेळी शाळेच्या संचालिका कल्याणी मॅडमनी पालकांना सगळ्यात आधी दाखवलं होतं ते हेच अ‍ॅप. प्रत्येक वर्गात कॅमेरा. कुठूनही, कधीही आपलं मूल बघा. चित्र तेवढं दिसायचं, आवाज यायचा नाही.

जूनपासून त्या चित्रात शाइस्ताला फारसं शिकवणं दिसत नव्हतं. नव्या बाई, सत्यशीलाताई, आल्या आणि त्यांनी टेबलं भिंतीला लावून टाकली. गिरवायच्या वह्या बंद केल्या. एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे, एकीकडे वाळू, एकीकडे पाण्याचा टब. मुलं खाली बसलेली, ताई त्यांच्यात बसलेल्या, आणि नुसत्या गप्पा. ‘या वयात बोलणं वाढवायचं असतं, हात पेन्सिलला नंतर तयार होतो,’ असं ताईंनी पहिल्या सभेत सांगितलं होतं. ते शाइस्ताला पटलं होतं. पण तिच्या जावेची मुलगी त्याच वयात स्वतःचं नाव लिहायला लागली, तेव्हापासून ते पटणं जरा डळमळलं होतं.

त्या मंगळवारी ती एका मीटिंगमधून सुटली आणि दुसरी सुरू होण्याआधी तिनं मोबाइल उघडला. मिसबा ठोकळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी रचत होती. शेजारी ऋषी. ऋषी म्हणजे गेनबांचा नातू. ज्या जागेवर शाळा उभी होती ती गेनबांची, हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं. मिसबाच्या हातात एक लाकडी चाक होतं. ऋषीनं ते ओढलं. मिसबानं सोडलं नाही. मग तो वाकला आणि मिसबाच्या हाताला कडकडून चावला.

मिसबाचं तोंड उघडलं. आवाज नव्हता. नुसतं उघडलेलं तोंड.

शाइस्ता खुर्चीतून उठलीच. ताई धावत आल्या. आता त्या मुलाला बाजूला करतील, आता मिसबाला उचलतील, म्हणून ती डोळे फाडून बघत राहिली. त्यांनी मिसबाचा हात बघितला, कुणाला तरी काहीतरी आणायला सांगितलं, आणि दोघांच्या मध्ये मांडी घालून बसल्या. एक हात हिच्या पाठीवर, एक त्याच्या. बसल्या त्या बसल्याच. त्यांनी ऋषीला रागावल्याचं दिसलं नाही. उलट त्याला जवळ ओढलं, अगदी मांडीशी.

शाइस्तानं अ‍ॅपवर मागे जाऊन तो तुकडा मोबाइलवर रेकॉर्ड केला. पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘जागामालकाचा नातू असला की चावलं तरी चालतं का?’

मग साहेबांना ‘मुलीला लागलंय’ एवढंच सांगून तिनं खाली येऊन कॅब पकडली.

वाकडच्या पुलापर्यंत पोचायलाच जीव गेला. नवऱ्याला, जुनेदला, तिनं फोन लावला. तो चाकणला कारखान्यात होता. ‘तू आधी शाळेशी बोललीस का?’ त्यानं विचारलं, आणि शाइस्तानं फोन कट केला. ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडत होते. ‘माझ्या मुलालाही परवा ढकललं होतं.’ ‘फी कशाची घेतात, वाळूत बसवायची?’ ‘त्या बाईंना काढा.’ ‘त्या मुलालाही.’ प्रत्येक मेसेजसरशी तिला बरं वाटत होतं. आपण एकट्या नाही, याचं ते बरं वाटणं होतं.

औंधच्या पुढे तिनं पुन्हा वर्ग उघडला. मिसबा ठोकळ्यांतच होती. हाताला ओला रुमाल गुंडाळलेला. आणि ऋषी तिच्या शेजारी बसून तिला एकेक ठोकळा देत होता. शाइस्तानं पडदा डोळ्यांजवळ नेला. मिसबा हसत नव्हती, पण रडतही नव्हती. ती काहीतरी सांगत होती, हात नाचवून, तिच्या नेहमीच्या ठसक्यात.

तेवढ्यात दार उघडलं आणि कल्याणी मॅडम आत आल्या. ताईंशी काहीतरी बोलल्या. ताई उठल्या, मुलांकडे वळून काहीतरी म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या. त्यांच्या जागी शाळेतल्या मदतनीस बाई आल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मुलांना भिंतीशी रांगेत बसवलं आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. ठोकळे गोळा करून खोक्यात भरले. मिसबा उठून दाराकडे धावली. बाईंनी तिला परत आणून बसवलं. ती पुन्हा धावली. आता ती रडत होती, हमसून हमसून. ऋषी टेबलाखाली शिरला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला.

‘अहो, जरा लवकर घ्या ना,’ शाइस्ता ड्रायव्हरला म्हणाली.

‘मॅडम, हा विद्यापीठ चौक आहे,’ तो म्हणाला. ‘इथं लवकर नसतं.’

तिनं शाळेत फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सगळा ग्रुप त्याच नंबरावर तुटून पडला असणार. येरवड्याला चित्र गोठलं. मिसबा दाराशी, एक हात कडीकडे. नगर रस्त्याला लागेपर्यंत ती तशीच राहिली, आणि शाइस्ता त्या न हलणाऱ्या हाताकडे बघत बसली. बाईंना बाहेर काढा, असं तिनं स्वतः लिहिलं नव्हतं. पण लिहिणाऱ्यांच्या मेसेजांना तिनं अंगठे दिले होते.

शाळेच्या फाटकात पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

‘तुमीच का त्या व्हिडिओवाल्या बाई?’ गेनबांनी विचारलं.

‘मी मिसबाची आई.’

‘माझं पोर चावलं, ही चूकच हाय. दोन धपाटे मी घातले असते. पर साऱ्या वाघोलीला दाखवायचं? चार वर्साचं हाय ते.’

शाइस्ता तशीच आत गेली. ऑफिसात कल्याणी मॅडम फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि सत्यशीलाताई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, काटकुळ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. कल्याणी मॅडमनी फोन ठेवला आणि घाईघाईनं म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही मुळीच काळजी करू नका. बाई राजीनामा देतायत. मुलालाही काही दिवस घरी ठेवू. वह्या सोमवारपासून पुन्हा सुरू.’

गेनबा मागोमाग आत आले होते. ते काही बोलणार, तेवढ्यात शाइस्ता ताईंकडे वळली.

‘तो चावला तेव्हा तुम्ही काहीच का केलं नाहीत?’

‘तुम्हाला दिसलं तेवढं केलं,’ ताई म्हणाल्या. ‘न दिसलेलं सांगू का? मी बोलत होते. ते कॅमेऱ्याला ऐकू येत नाही.’

‘काय बोलत होतात?’

‘मिसबाला म्हटलं, तुला काय होतंय ते त्याला सांग. मी सांगून त्याला कळणार नाही. ती म्हणाली, दर्द होता है, बहोत. तिनं हात त्याच्या नाकासमोर धरला. मग त्याला म्हटलं, तुला काय हवं होतं? आणि थांबले. बराच वेळ थांबावं लागलं. तो म्हणाला, चाक दे.’ ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘तो मुलगा जूनपासून एका वेळी एकच शब्द बोलतो. बोलता येत नाही म्हणून चावतो. आज पहिल्यांदा दोन शब्द जोडले.’

गेनबांनी टोपी काढून हातात घेतली. ‘घरात तर एक बी न्हाई बोलत,’ ते पुटपुटले. ‘डॉक्टर म्हन्ले, उशिरा बोलंल.’

शाइस्ताचा आवाज चढला. ‘म्हणजे त्याला बोलायला शिकवायला माझ्या मुलीचा हात?’

फोन वाजायला लागला, कल्याणी मॅडमनी तो बंद केला.

‘नाही,’ ताई म्हणाल्या. त्यांचा मघाचा करडा सूर उतरला होता. ‘तो वाकला तेव्हा मी पाण्यापाशी होते. तो असा चिडतो हे ठाऊक असताना मी हाताच्या अंतरावर असायला हवं होतं. ती चूक माझी. आणि हाताला बर्फ लावल्याबरोबर तुम्हाला फोन करायला हवा होता. मधल्या सुट्टीत करू म्हटलं. तीही माझीच चूक. पण मुलांना मध्येच सोडून मला इथं आणून बसवलं, ती माझी नाही.’

शाइस्ता वर्गाकडे निघाली. दार उघडताच मिसबा तिच्या पायांना बिलगली. हातावर दातांची लालसर कमान उमटली होती, कातडी फुटलेली नव्हती. शाइस्तानं तिला उचलून घट्ट धरलं. घरी न्यायचं, गरम दूध द्यायचं, झोपवायचं, असं सगळं तिनं कॅबमध्ये ठरवलं होतं.

‘अम्मी, ताई कहाँ गई?’ मिसबा हुंदके देत म्हणाली. ‘मैंने कुछ नहीं किया. ऋषीने भी सॉरी बोला. फिर ताई क्यूँ गई?’

टेबलाखाली ऋषीचे पाय दिसत होते, छोटे, एका पायात मोजा नसलेले. रांगेतली मुलं तोंडावरचं बोट न काढता तिच्याकडे बघत होती.

ती मिसबाला कडेवर घेऊनच ऑफिसात परत आली. ‘ताईंना वर्गात जाऊ द्या,’ ती म्हणाली.

‘मॅडम, आता ते तुमच्या-माझ्या हातात नाही,’ कल्याणी मॅडम म्हणाल्या. ‘ग्रुप बघा.’

‘मुलं रडतायत, ते तरी तुमच्या हातात आहे ना?’

ताई कुणाच्या परवानगीची वाट न बघता उठल्या आणि गेल्या. मिसबा कडेवरून घसरून त्यांच्या मागे पळाली.

शाइस्तानं तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं, की आपण पूर्ण माहिती न घेता व्हिडिओ टाकला, तसं करायला नको होतं, तो काढून टाकतेय. व्हिडिओ तिनं काढला, पण तोवर तो पन्नास ठिकाणी गेला होता. पहिलं उत्तर लगेच आलं. ‘दबाव आणला का तुमच्यावर?’ दुसरं, ‘किती मिळाले?’ तिसऱ्यानं नुसता हसणारा चेहरा टाकला. ज्या लोकांनी सकाळी तिला धीर दिला होता, तेच हे लोक होते.

शनिवारी पालकांची सभा झाली. मधल्या चारही रात्री शाइस्ताला नीट झोप लागली नव्हती. जुनेद म्हणाला होता, जाऊ नकोस, चार दिवसांत विसरतील. ती गेली. हॉल खचाखच भरलेला. ती बोलायला उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘आल्या, दोन्हीकडून बोलणाऱ्या.’ तिनं पुढची खुर्ची धरली.

‘चावलं ते माझ्या मुलीला,’ ती म्हणाली. ‘सगळ्यात जास्त राग मला आला. अजून आहे. पण मी मुकं चित्र बघून निकाल दिला. मी हिंजवडीत बसून जे बघितलं आणि वर्गात जे झालं, त्यात फार अंतर आहे. ताई काय शिकवतात ते दिसत नाही, कारण त्या बोलायला शिकवतात. निकाल द्यायचा असेल तर एक सकाळ वर्गात बसून द्या. मीही बसणार आहे.’

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. बराच वेळ भांडण चाललं. एका वडिलांनी थेट विचारलं, ‘माझा मुलगा पहिलीत गेल्यावर अक्षरं कोण शिकवणार, तुम्ही?’ ताईंनी शांतपणे उत्तर दिलं, काहींना पटलं, काहींना नाही. तीन कुटुंबांनी मुलं काढून घेतली. कल्याणी मॅडमनी हिशेबी तडजोड केली. दिवाळीपर्यंत ताईंचा वर्ग आहे तसा चालेल, रोज एक पालक आत बसेल, आणि कुणाला काही लागलं तर त्याच तासाला घरी फोन जाईल. गेनबा सभेत काही बोलले नाहीत. शेवटी जाताना मात्र शाइस्तापाशी थांबून म्हणाले, ‘काल रात्री “आजा, पानी” म्हन्ला,’ आणि तिनं काही म्हणायच्या आत निघून गेले.

ताईंनी शाइस्ताला माफ केलं, असं काही झालं नाही. त्या तिच्याशी कामापुरतं बोलत. ती वर्गात बसली त्या दिवशी त्यांनी तिला एका ठेंगण्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘मध्ये पडायचं नाही. फारच वाटलं तर माझ्याकडे बघायचं.’ त्या सकाळी शाइस्तानं त्यांच्याकडे निदान वीसदा बघितलं. मुलं भांडत, ओढत, पडत, आणि प्रत्येक वेळी ताई आधी हाताच्या अंतरावर जाऊन बसत, मग थांबत. बाहेरून निवांत दिसणारं ते थांबणं किती जड असतं, ते शाइस्ताला तेव्हा कळलं. घरी आली तेव्हा तिचे खांदे दुखत होते.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना ती मीटिंगमध्ये होती आणि शाळेचा नंबर मोबाइलवर उमटला. ती बाहेर व्हरांड्यात आली.

‘काय झालं ताई? लागलं का तिला?’

‘तिला नाही,’ सत्यशीलाताई म्हणाल्या. ‘तिनं ढकललं. तेजस्विनी म्हणून मुलगी आहे, नवीन आलेली. हनुवटीला खरचटलंय, थोडं रक्त आलं. आता दोघी बरोबर बसल्यात. मिसबा अजून तोंड उघडत नाहीये.’

शाइस्तानं विचारलं, ‘मी येऊ का?’

‘येऊन काय करणार? बोलायचं तिला आहे.’ मग म्हणाल्या, ‘तेजस्विनीच्या आईला आता फोन करतेय. त्याही तुमच्याच बाजूला कुठेतरी नोकरीला आहेत. वर्ग बघत असतील.’

काचेपलीकडे मीटिंग चालू होती. कुणीतरी शाइस्ताला हातानं आत बोलवत होतं.

‘ताई, त्यांचा नंबर मला द्या,’ ती म्हणाली. ‘तुमच्यानंतर लगेच मी बोलते.’

‘त्या तुम्हाला वाट्टेल ते बोलतील.’

‘बोलू देत.’

नंबर आला. शाइस्तानं तो लावला आणि पाठ काचेकडे केली. पलीकडून एक धास्तावलेला, धाप लागलेला बाईचा आवाज आला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ती बाई निघालीसुद्धा होती.

‘नमस्कार,’ शाइस्ता म्हणाली. ‘मी मिसबाची आई. तुमच्या मुलीला जिनं ढकललं ना, तिची.’