मथुराबाईच्या उसाची पाळी

बंडप्पाचा तसा कुणावरच विश्वास नव्हता, अन् कारखान्यात काम्पुटर आल्यापासून तर त्याला घास गोड लागंना. सत्त्याऐंशीचा दुष्काळ. विहिरींचे तळ दिसायला लागलेले. ज्याचा ऊस आधी तुटंल तो वाचला. तोडीची पाळी पूर्वी साहेबांच्या वहीतून ठरायची, आता यंत्रातून यादी निघायची. त्या यादीवरून ज्याच्या त्याच्या रानात चिठ्ठ्या पोचवणं हे बंडप्पाचं काम; चिठ्ठी दाखवल्याबिगर टोळी ऊस तोडत नसे.

लोहारा गटाच्या यादीत अगदी शेवटी मथुराबाईचा एक एकर ऊस. एकटी बाई, विहिरीला दिवसाकाठी चार घागरी पाणी. अन् तीन आठवडे झाले, तिच्या जागी मुरुम गटातला कल्याणप्पा छापून येत होता. कल्याणप्पा म्हणजे एका संचालकाचा सख्खा मेव्हणा!

कुठंतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी कशाला पायजे? संशय सरळ श्रीपतीवर. श्रीपती यंत्रावरचा इंजिनेर, औरंगाबादला शिकलेला, मोजकं बोलणारा. मोजकं बोलणारी माणसं बंडप्पाला जास्तच खुपायची. चौथ्या आठवड्याला तो यंत्राच्या गार खोलीत खुर्ची टाकूनच बसला.

"तीन डाव कल्याणप्पाच कसा वो, इंजिनेर?"

श्रीपतीनं कागदांचा भारा उलगडला, दुपारपर्यंत एकेक ओळ तपासली अन् कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझीच हाय, बंडप्पा."

"म्हंजी पैसं खाल्लंत?"

"ऐका तर! यंत्रात जागा थोडी. म्हणून मुरुमच्या यादीचं काम झालं की तिचेच पाननंबर लोहाऱ्याच्या यादीला द्यायचे. कुठल्या नंबरचं पान कुठं ठेवलंय ते प्रोसेसर, म्हंजी यंत्राचा मेंदू, दरवेळी हुडकत न्हाय. एकदा घावलेला पत्ता जवळ ठेवतो. पान बदललं की तो जुना पत्ता रद्द करावा लागतो. त्यासाठी त्याच्या पोटात एक रजिस्टर असतंय."

"रजिस्टर तर आमच्या कपाटात हाय."

"ते न्हवं. ही आतली बारकी जागा. तिच्यात पानाचा पत्ता लिहिला की तेवढ्या पानाची जुनी आठवण तो टाकून देतो. म्या फक्त पहिल्या पानाचा लिहीत होतो. यंदा सभासद वाढले, यादी दोन पानांवर गेली, दुसऱ्यावर एकटी मथुराबाई. दुसऱ्या पानाला तो अजून जुन्याच ठिकाणी जातोय. तिथं मुरुमचा कल्याणप्पा बसलाय."

त्यानं प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या. यादी खडखडत निघाली, अन् शेवटी आली मथुराबाई. बंडप्पानं तिची चिठ्ठी फाडून खिशात घातली.

फाटकापाशी आल्यावर त्याची ट्यूब पेटली. मथुराबाई लोहाऱ्याच्या बौद्धवाड्यातली. श्रीपतीही तिथलाच की! आयला, म्हणजे ही पत्त्याबित्त्याची कथा आपल्या माणसाला पुढं काढायला रचली काय? बंडप्पा काही दुधखुळा नव्हता. खात्री झाल्याबिगर चिठ्ठी द्यायची न्हाय, असं त्यानं ठरवलं.

खात्रीत सहा दिवस गेले. शेवटी एसटीनं धाराशिव गाठून त्यानं कॉलेजातल्या काम्पुटर जाणणाऱ्या एका मास्तरांना विचारलं. "अगदी बरोबर सांगितलंय त्यानं," मास्तर म्हणाले.

सातव्या दिवशी तो मथुराबाईच्या रानात गेला. ऊस उभ्या उभ्या वाळून पाचटासारखा झाला होता. तोडीची टोळी कालच मुक्काम हलवून गेली होती. बाई बांधावर बसली होती.

"आक्का, चिठ्ठी आणलीया."

"श्रीपती म्हणाला, मागच्या सोमवारीच निघाली. मग कुठं व्हती?"

"खरी हाय का खोटी, खात्री करत व्हतो."

मथुराबाईनं चिठ्ठीला हातही लावला नाही. "अन् कल्याणप्पाच्या तीन चिठ्ठ्या आल्या, त्या किती दिवस ठिवल्या खिशात?"

बंडप्पाला लाज वाटली, मान वर करवंना. त्या तिन्ही खोट्या आहेत असा संशय होता त्याला. तरी त्यानं त्या ज्या त्या दिवशी, सायकल हाणत नेऊन दिल्या होत्या.