रुखमाबाईचा होकार

वीजकंपनीने गावांना बाहेरच्या दिव्यांचे तीन प्रकार दिले होते: मोठा पिवळा, लहान पिवळा आणि पांढरी नळी. मग ऊर्जाबचतीचे नियम आले. आधी लहान पिवळा यायचा थांबला, पांढरी नळी तर कोणाला कळायच्या आत गेली, आणि शेवटी मोठ्या पिवळ्यावर पाळी आली. पर्याय कमी होत जाण्याला कंपनी सुधारणा म्हणायची.

कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाला टेकून असलेल्या हेटीटोल्यात मोठा पिवळा एकच होता, तोही गावाच्या टोकाला, रुखमाच्या मोहाच्या झाडाजवळ. तिथेच का, हे गावात कोणी विचारत नसे. मोहाची फुलं पहाटे गळतात. ती माणसाला हवी असतात तशी अस्वलालाही हवी असतात, आणि अस्वल माणसापेक्षा लवकर उठतं. दिवा लागल्यापासून ते हे झाड सोडून नाल्याकडे जायचं. तेवढी समज त्याला होती. उजेडात बसून रुखमा आणि शेजारच्या बाया टोपल्या भरायच्या. नवरा गेल्यापासून रुखमाचं मीठ-मिरची, दवापाणी, सगळं त्या झाडावर होतं.

कंपनीत लागलेला सुरज तिचा भाचा. त्याच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून तो दहावीपर्यंत तिच्याकडेच राहिला. मोठी माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतात असं म्हणतात. सुरज घरात पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचा आणि तरी पास व्हायचा.

दिवा काढायला गावाची संमती लागत होती, आणि या गावात ठराव हात मोजून होत नाही. एकही माणूस नाही म्हणाला, तर चटया उचलायच्या आणि पुन्हा कधीतरी बसायचं. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी सुरज आत्याकडे जेवायला आला.

"आत्या, जुना काढला का त्याच सांजी नवा लावतो. वीज कमी, उजेड डबल. तू फक्त हो म्हण."

"मी हो म्हटलं का गाव हो म्हणते, हे माहीत आहे ना तुले?"

"म्हणून त तुले सांगून राह्यलो."

सभेत लालसूभाऊंनी, गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, विषय सरळ तिच्यावर टाकला. "झाड तुयं आहे, रुखमाबाई. तूच सांग."

"माया पोराचा शब्द आहे, भाऊ."

"पोराचा आहे का कंपनीचा?"

"पोरगं कंपनीतच आहे."

लोक हसले. रुखमाही हसली आणि हो म्हणाली. मग सगळं गाव हो म्हणालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी आली. इतक्या वेळेवर ती या गावात कधीच आली नव्हती. दिवा उतरवला, गुंडाळला, नेला. नवा त्या सांजेला आला नाही. फोन केला की सुरज म्हणायचा, "सामान येऊन राह्यलं." मोहाचा बहर काही सामानासाठी थांबत नाही. रुखमा आता सूर्य वर आल्यावर झाडाखाली जायची. तोवर अस्वल आपला वाटा खाऊन, तिच्या वाट्यातलाही बराच खाऊन गेलेलं असायचं. राहिलेलं तुडवलेलं.

"काकी," शेजारची मोनाली एकदा म्हणाली, "सभेत अस्वलाले बोलावलं असतं त त्यानं तुया आधी हो म्हटलं असतं."

रुखमाने ऐकलं. बोलायची सोय तिने स्वतःच घालवली होती.

पुढे नवा दिवा आला, पण फाट्यावर. तिथे कंपनीचा फलक आहे. या गावाने किती वीज वाचवली ते त्यावर लिहिलंय. रात्रभर तो फलक लख्ख दिसतो. शेवटची बस मात्र उजेड असतानाच निघून जाते.

एका दुपारी सुरज आला. रुखमाने भात आणि लाखोळीची डाळ वाढली. तो भुकेला होता. अर्ध्या जेवणात म्हणाला, "आत्या, मंगळवारी फाट्यावर कार्यक्रम आहे. साहेब येऊन राह्यले. फीत तुया हातानं कापाची आहे."

"माया हातानं काऊन?"

"तूच त हो म्हटलं होतं."

"किती वाजता?"

"अकराले."

"अकराले त उजेडच रायते."

"फोटोपुरतं आहे व."

"अन् झाडाजवळचा कवा लावतो?"

सुरजने डाळीत भात कालवला, कालवून झाल्यावरही कालवत राहिला. "तिथी नाई लागत. नियमात लोकवस्ती पाह्यजे. सर्वेवाले पाहून गेले, झाडाखाली कोणीच नव्हतं."

"कवा आले होते?"

"दुपारी."

"दुपारी मोहाखाली कोण रायते? तू सांगितलं नाई त्याईले? तूनं त वेचला आहे मोह, माया संग."

त्याने ताटाच्या कडेचा भात आत ओढला.

"सर्वे सभेच्या आधी झाला का मंग?"

"आधी."

"म्हणजे त्या दिवशी तू इथीच जेवाले बसला होता, तवा तुले माहीत होतं."

"वरून दबाव होता, आत्या. तूनं नाई म्हटलं असतं त कामच अडलं असतं."

हे त्याने अगदी खरं सांगितलं. खोटं बोलला असता तर तिला जरा बरं वाटलं असतं.

त्याच्या ताटातला भात संपला, डाळ उरली. लहानपणापासून उरायची, आणि आत्या आणखी भात वाढेपर्यंत तो न मागता थांबायचा. आताही बोटं ताटात ठेवून तो थांबला. रुखमाने भाताच्या गंजावर झाकण ठेवलं, आणि हात धुवायला पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं.