दहावं पॅनेल

मी एक जुनी शाळा आहे मित्रांनो, पण माझ्यात आजवर एकही मूल बसलेलं नाही. बसणार कसं? मी जेमतेम पावणेदोन हात लांब आहे. मी सागवानी लाकडाचा नमुना. सातपूरच्या एका कारखान्यात, १९७८ साली, निवृत्ती मिस्त्रींच्या हातून माझा जन्म झाला.

त्या काळी इमारत म्हणजे जागेवर बांधायची वस्तू. विटा आणा, माल कालवा, गवंड्याची वाट पाहा. आमच्या कारखान्यातल्या इंजिनिअर उत्तराबाईंना मात्र वाटायचं, शाळेची खोली कारखान्यात का तयार होऊ नये? काँक्रीटची पॅनेलं साच्यात ओतायची, ट्रकने न्यायची आणि गावात उभी करायची. त्यांची ही पहिलीच रचना होती. ट्रकमध्ये केवढं पॅनेल मावेल, कप्पीला किती वजन पेलेल, एकाच साच्यातून खिडकीचं आणि बिनखिडकीचं पॅनेल कसं निघेल, हे त्या कागदावर मांडत, खोडत, पुन्हा मांडत. शेवटी रुंदी ठरली तीन फूट. मग मिस्त्रींनी फुटाला एक इंच या मापाने माझे तुकडे केले. माझ्या लांब भिंतीच्या दोन खांबांमध्ये दहा तुकडे असे चपखल बसले, की मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसले.

"बाई, सुई घालून दाखवा मधी," ते म्हणाले.

उत्तराबाईंनी खरंच सुई मागवली. ती गेली नाही. मग काय, जो येई तो माझं कौतुक करी आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. मला एकच कुतूहल होतं. मोठेपणी मी कशी दिसेन?

ते पाहायचा योग मे महिन्यात आला. चांदवडजवळच्या एका गावात पहिली खोली उभी राहायची होती. जोतं आणि खांब गावाने श्रमदानाने बांधले होते. त्यांची आखणी केली होती गावच्या धोंडीराम गवंड्याने. पॅनेलं ट्रकमध्ये मागे, आणि मी पुढे, उत्तराबाईंच्या मांडीवर.

एकेक पॅनेल कप्पीने उचललं जाई, शेजारच्याला सिमेंट लावून उभं राही. मी डोळे फाडून बघत होते. केवढं ते माझं अंग! नऊ उभी राहिली. दहावं मात्र आत जाईना. चांगली सहा बोटं जागा कमी होती.

कारखान्याचे सुपरवायझर शामसुंदर यांनी मला उचलून सगळ्यांसमोर जोत्यावर ठेवलं. "हे बघ, यात दहा बसतात. तुझं अंतर चुकलंय."

"साहेब, तीस फूट म्हंजे तीसच हाय," धोंडीराम म्हणाला. "म्या दोनदा मोजलंय."

"मग हे लाकूड खोटं बोलतं का?"

गावाने माझ्याकडे पाहिलं, मग धोंडीरामकडे. ज्या गवंड्याला शाळेचं जोतं मोजता येत नाही, त्याला पंचक्रोशीत काम कोण देणार? त्याची बायको चांगुणा पाण्याचा हंडा घेऊन आली होती. तिने तो खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. मला फार लाज वाटली. माझ्यात दहा बसतात आणि इथे का नाही, म्हणून मी त्या भिंतीकडे नीट पाहिलं. दर दोन पॅनेलांमध्ये सिमेंटची एक राखी रेघ होती. माझ्यात तशी एकही नव्हती. मला कळलं, पण मला तोंड कुठे होतं?

उत्तराबाई गप्प राहिल्या असत्या, तरी त्यांना कुणी विचारलं नसतं. पण त्यांनी टेप घेतली, भर उन्हात गुडघे टेकले आणि खांबापासून खांबापर्यंत मोजलं. मग एकेका सांध्यावर बोट ठेवत गेल्या. शेवटी माझ्यापाशी येऊन त्यांनी माझ्या दोन तुकड्यांत नख घालून पाहिलं.

"धोंडीरामभाऊ, तुमचं माप बरोबर आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "प्रत्येक सांध्यात अर्धा इंच सिमेंट जातं. ते मी धरलंच नाही. लाकडाला सिमेंट लागत नाही, म्हणून या नमुन्यात दहावं बसलं आणि मी फसले. चूक माझी आहे."

"बाई, हे कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं तर..." शामसुंदर पुटपुटले.

"मीच घालणार आहे."

धोंडीरामने पंच्याने तोंड पुसलं. "ताई, शाळा भरायला महिना हाय. ह्या फटीत मी इटा लावतो."

दोन दिवसांत त्याने ती जागा भरली. नऊ राखी पॅनेलं आणि कडेला विटांचा एक लाल पट्टा. तीच माझी मोठेपणीची सूरत.

परतल्यावर उत्तराबाईंनी माझ्या तुकड्यांच्या कडा रंध्याने कमी करायला सांगितल्या. मला दुखलं, पण मिस्त्रींना जास्त दुखलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढची सगळी पॅनेलं मात्र अर्धा इंच कमी निघाली आणि बिनबोभाट बसली.

आता मी कपाटात असते. हलवलं की खुळखुळते. बघणारे म्हणतात, कुणी केलाय हा ढिला नमुना? मला राग येत नाही. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाला खोटं ठरवायला माझ्यासारखी देखणी वस्तू तुमच्यापुढे ठेवली, तर आधी खाली वाका आणि जमीन मोजा. त्या दिवशी कुणी वाकलं नसतं, तर एक खरा माणूस माझ्यामुळे जन्मभर खोटा ठरला असता.