परंड्याचा काटा

सत्याऐंशीच्या टंचाईत परंड्याच्या दूध केंद्रावरचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा दूध कमी दाखवायला लागला. रांगेत दूध घालायला आलेली जाईबाई म्हणाली, "म्हशीला चारा न्हाय, तरी चार थेंब काढतोय. ते बी ह्यो काटा खातोय व्हय?"

उस्मानाबादला दूध संघाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या वनमालाला चूक लगेच सापडली. काट्याचा प्रोग्राम अपूर्णांक सरळ टाकून देत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. जीव खाल्ला तो पुढच्या कामानं. काट्याच्या चिपची भाषा वेगळी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून त्या भाषेत उतरवायचा नि नव्या चिपवर भरायचा, तर एकामागून एक फ्लॉप्या घालून त्या कामाची सगळी हत्यारं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, मेमरीत मांडावी लागत. मांडून होईतो वीज जाई आणि मेमरी कोरी. पुन्हा पहिल्यापासून.

अशाच एका घाईत तिची एक पायरी चुकली. चिप घेऊन ती एस.टी.नं परंड्याला गेली, काट्यात बसवली, तर पडदा काळाच. प्रोग्राम काट्याच्या भाषेत उतरायचा तो ऑफिसच्या कॉम्प्युटरच्याच भाषेत उतरला होता. रांगेतल्या बायांनी उचललेल्या किटल्या पुन्हा खाली ठेवल्या. त्यानंच तिला जास्त लागलं.

परत आल्यावर तिनं ठरवलं, ही मांडामांड आता हातानं करायची नाही. सगळ्या पायऱ्या फ्लॉपीवरच्या एका फाइलीत लिहायच्या, कॉम्प्युटरच करील. व्यवस्थापक आबाराव वैतागले. "बाई, काटा दुरुस्त करायचा सोडून हे काय काढलंत?" तिनं समजावून पाहिलं, मग समजावण्याचा नाद सोडला.

फाइलही सरळ चालेना. कधी मधेच थांबे, कधी भलतीच फ्लॉपी मागे. एकदा तर वनमाला कीबोर्ड ढकलून अंगणात जाऊन उभी राहिली. शेवटी एका दुपारी वीज आली, तिनं फाइल चालवली, आणि मागेल ती फ्लॉपी घालण्यापलीकडं तिला काहीच करावं लागलं नाही. सगळं आपोआप जागेवर बसलं. आबारावांचा चहा संपायच्या आत नवी चिप तयार झाली.

आबारावांनी चिपकडं पाहिलं. "एवढंच होतं, तर इतके दिवस काय करत होतात?"

वनमालानं चिप रुमालात बांधली.

परंड्यात काट्यानं बरोबर वजन दाखवलं. जाईबाईनं आकडा दोनदा वाचून घेतला नि ती म्हणाली, "आता भूमच्या केंद्रावरल्या काट्याचं बी बघा. तिथं माझी लेक दूध घालती."